भाच्याचा गोल

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात असो की मिशा फुटलेला, चाल मोडत नाही. त्यामुळे सेमीफायनलच्या आधी दिघोरीची टीम ओळीने उभी राहिली आणि माझा भाचा समोर आला, तेव्हा गळ्यात शिट्टी असूनही मी सवयीने वाकलो. त्या दिवशी दिघोरी जिंकली, भाच्याने दोन गोल मारले आणि माझ्या रेफरीपणाची वाट लागली.

कारण फायनल आमच्याच गावाशी होती. दिघोरीवाल्यांना मी चालत होतो. मी सगळ्या टीमचाच मामा झालो होतो. आमच्या मंडळाचे अध्यक्ष मात्र माझ्या अंगणात येऊन बसले. चहा संपेपर्यंत गोड बोलले, मग म्हणाले, "ज्याच्या पाया पडाचं, त्याले कार्ड कसं दाखवशीन गा तू?"

मला राग आला. शाळेत खेळाचा मास्तर म्हणून उभी हयात उन्हात काढली, आणि आता माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. पण त्यांनी टीव्हीवर सगळं पाहून ठेवलं होतं. मोठ्या सामन्यांत म्हणे रेफरी धावत जाऊन पडद्यावर बघतो. तेव्हा इथेही प्रत्येक गोलपोस्टच्या मागे एक जादा पंच आणि बांबूला बांधलेला मोबाइल, असं ठरलं. एवढं करूनही माझ्या हातून पक्षपात झाला, तर शिट्टी कायमची परत करायची. मी हो म्हटलं.

जादा पंच दोन्ही गावांचा सोयरा नको, ही अट. शोधताना नाकी नऊ आले. ज्याला विचारावं तो कुणाचा तरी जावई निघे. शेवटी पार बपेऱ्याकडचे दोघे मिळाले. फुटबॉलशीही त्यांचं काही नातं नव्हतं. माझ्या मोबाइलचा कॅमेरा चांगला, म्हणून एका बांबूवर तोच चढला.

धान कापलेल्या बांधीत, धसकटं काढून सामना झाला. संपत आला तरी गोल नाही. मग भाच्याने असा फटका हाणला की बॉल गोलच्या वरच्या बांबूला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. दिघोरीवाले नाचू लागले, आमचे ओरडू लागले. मी जादा पंचाकडे पाहिलं. बॉल अंगावर येतो असं वाटून तो डोकं धरून खाली बसला होता. तिथला मोबाइल माझाच, तो उतरवला. भाचा धावत येतो तिथवर चित्र स्वच्छ, आणि तिथेच रेकॉर्डिंग बंद. नेमका तेव्हाच फोन आला होता. बहिणीचा. पोराने गोल मारला का, विचारायला.

सगळं मैदान माझ्याकडे पाहू लागलं. बॉल चुन्याच्या रेघेवर पडलेला मी पाहिला होता, रेघेपलीकडे नाही. मी सांगितलं, गोल नाही. पुढे पेनल्टीवर दिघोरी हरली.

भाचा समोर आला तेव्हा बहिणीचं दार आता बंद झालं, असंच मला वाटलं. तरी चाल ती चाल, मी वाकलो. त्याने पाय मागे घेतले. तेवढ्यात तोच वाकला आणि त्याने माझे पाय धरले. भाच्याकडून पाया पडून घेणं आमच्याकडे पाप, मी दचकून मागे सरलो.

"मामाच्या नाही, मामाजी," तो म्हणाला, "रेफरीच्या पाया पडून राहिलो."