बिनपरवानगीचा देव

निजामाच्या सडकेवर, अणदूरच्या अलीकडं, विरुपाक्ष खड्डे बुजवायच्या नोकरीला होता. मुरूम टाकायचा, धुम्मसानं ठोकायचा, पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून. सडकेनं त्याला कधी बेकार होऊ दिलं नाही.

ओढ्यावरच्या वळणाला कठडा नव्हता. विरुपाक्षाचा थोरला भाऊ महालिंगप्पा तिथूनच गाडीबैलांसकट खाली गेला, तो गेलाच. विरुपाक्षानं कठडा मागितला. "पुढं बघू," असं उत्तर मिळालं. पुढं म्हणजे कधी, ते कुणी सांगितलं नाही.

मग त्यानं वळणाच्या तोंडाशी एक धोंडा रोवला आणि त्याला शेंदूर फासला. गाडीवाले सरकारला जुमानत नसत, शेंदराला जुमानत. बैल थांबवून हात जोडायचे, मग सावकाश पुढं. पुन्हा गाडी पडली नाही.

"तुमी पाया पडत न्हाय व्हय?" गाडीवान रामकिसननं एकदा विचारलं.

"आमचा देव गळ्यात हाय." विरुपाक्षानं लिंगाला हात लावला. धोंडा कुठल्या खाणीतला, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

सत्तेचाळीस साली सडकेच्या देखरेखीला नवे दरोगासाहेब आले. "सरकारी सडकेवर देव? इजाजत कुणाची?"

"साहेब, काढला तर गाड्या पडतील."

"मग कठडा माग."

"मागितलाय."

"मग वाट बघ. पण आज धोंडा निघाला नाही, तर उद्या तू नीघ."

भर दुपारी विरुपाक्षानं धोंडा उपटून ओढ्यात लोटला. मागं उरलेल्या खळग्यात ओतायला मुरुमाची पाटी उचलली, तोच उतारावरून रामकिसनची गाडी धावत आली. रामकिसन आत गाढ झोपलेला. विरुपाक्ष ओरडला. बैल खळग्यापाशी येऊन आपोआप उभे राहिले.

"सवय," विरुपाक्ष स्वतःशी म्हणाला.

बैलांच्या गळ्यातली घुंगरं गप्प होती. तरी घुंगरं वाजत होती. खालून, कोरड्या ओढ्यातून. त्यातलं एक फुटकं होतं; महालिंगप्पाच्या डाव्या बैलाचं तसंच होतं. आवाज चढण चढत वर आला, खळग्याच्या पलीकडं थांबला. बैलांनी कान टवकारले.

रामकिसन जागा झाला. "कुणाची गाडी आली वो?"

विरुपाक्षाचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. त्यानं सडकेकडं पाहिलं. ती दोन्हीकडं मोकळी होती.

"तू सावकाश जा," तो म्हणाला. गाडी गेली. लिंगावरचा हात काढून त्यानं रिकाम्या खळग्यापुढं दोन्ही हात जोडले आणि मुरूम परत नेला.

सडकेवरचा तेवढा एक खड्डा त्यानं कधीच बुजवला नाही. सगळ्या नोकरीत त्याची कुचराई म्हणावी तर एवढीच.