शास्त्रात फलाट नाही

स्टँडवर घोषणा करणारी बाई म्हणजे बाई नाहीच, टेप आहे, अशी गावभर वदंता होती. पुरावाही तसा चोख होता. इतकी वर्षं झाली, पण "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" यातला 'कृपया' एकदाही वर चढला नाही की खाली घसरला नाही. माणसाचा आवाज कुठे असा असतो? भूक लागली की तो चिरकतो, भांडण झालं की जड होतो. स्टँडवरचा पेपरवाला तर छातीठोकपणे सांगायचा की जुनी टेप झिजल्यावर बदलताना त्याने स्वतः पाहिलीय, आणि ती झिजलेली टेप त्याच्या मेव्हण्याकडे आहे.

तर दुरुस्ती अशी, की ती टेप नसून आत्या आहे. स्टँडच्या जिन्याखाली काचेची एक खोली आहे. तिच्यात फिरण्यापेक्षा कुरकुरणारा एक पंखा आहे, जुन्या मोज्याची टोपी घातलेला एक माइक आहे आणि माइकमागे आत्या. ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात, चपला टेबलाखाली काढलेल्या, गालात आल्याचा तुकडा. शिंक येणार असं वाटलं की आधी बटण बंद, मग शिंक, मग बटण चालू. तिची शिंक आजवर कोणी ऐकलेली नाही. टेपची वदंता पोसली गेली ती त्या बटणावर.

हे लिहिणारा तिचा भाचा. घरात त्याला पोपट म्हणतात, कारण एकदा ऐकलेला आवाज त्याच्या घशातून उतरतच नाही. आत्याची नक्कल तर तो अशी करतो, की एकदा बाबा अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीघरातून बाहेर आले, "ताई कधी आली?" म्हणत. असो. पोपट बाजूला. गोष्ट आत्याची आहे.

आत्याचा एक नियम होता. गाडी सुटताना तिचे सगळे थांबे वाचायचे. काही थांबे असे, की तिथे एक झाड आणि झाडाखाली एक बाक, बस्स. स्टँडचे साहेब एकदा म्हणाले, "अहो बाई, मोठी मोठी नावं घ्या की. तिथे उतरतं कोण?"

"जो उतरतो, साहेब, त्याचं घर तिथेच असतं."

साहेब चहा सांगायला निघून गेले.

रविवारी हीच आत्या चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचते. आवाज तोच, फक्त चपला पायात. नियमही तोच. लिहिलंय ते सगळं वाचायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. पोपटाने एकदा तिला डिवचून पाहिलं.

"आत्या, पण हे माणसांनीच लिहिलंय ना? कोणी मेंढपाळ, कोणी कोळी."

"हो मग."

"मग देवाचं कसं?"

"स्टँडवर बोलतं कोण?"

"तू."

"गाड्या मी सोडते?"

"छे. त्या वरून हुकूम आला की सुटतात."

"आणि मला सर्दी झाली, तर घोषणेत सर्दी कोणाची ऐकू येते?"

"तुझी."

"झालं तर. आवाज माझा, सर्दी माझी, पण सांगणं वरून आलेलं. त्या मेंढपाळांचंही तसंच. कोणी रडवा, कोणी तापट, ज्याचा त्याचा आवाज. श्वास मात्र देवाचा." तिने चष्मा पुसला. "आमचं वेळापत्रक सारखं बदलतं बघ. माझ्यादेखत माइक बदलले, साहेब बदलले, रस्तेसुद्धा बदलले. हे नाही बदललं. माझी आजी ज्या वचनाला धरून उभी राहिली, त्यालाच धरून मी उभी आहे, आणि ते अजून वाकलेलं नाही."

"त्यांच्याकडे शिंकेचं बटण होतं का गं?"

"चल हो बाजूला, मेल्या!"

मग चर्चला नवे पाळक आले. तरुण, मनाने लोण्यासारखे, पण कायम घाईत. बोलायला लागले की त्यांची वाक्यं एकमेकांना ढुशा देत बाहेर पडतात.

"म्हणजे कसं आहे ताई, येत्या रविवारी वंशावळ आहे, म्हणजे नावंच नावं, अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, लोक पेंगतात हो, म्हणजे आपण असं करू, पहिलं नाव, शेवटचं नाव आणि मध्ये 'वगैरे'."

"वगैरे?" ताटात झुरळ निघावं तसा आत्याने तो शब्द उच्चारला. "देवाला सांगताना श्वास पुरला, पाळकसाहेब. मला वाचताना का पुरू नये?"

शेवटी ठरलं असं, की या रविवारी वंशावळ पूर्ण वाचायची. मंडळी पेंगली, तर इथून पुढे निवडक भाग वाचायचे.

"आणि 'वगैरे' वाचायचं झालं," आत्या म्हणाली, "तर माझ्या जागी दुसरं कोणी बघा. मी खाली बसून ऐकेन."

हे ती बोलली खरी, पण घरी येऊन तिने धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. ती वाचायची जागा म्हणजे तिचा जीव होता.

पोपटाला मात्र चेव आला. "आत्या, पैज लाव. तुझी वंशावळ संपायच्या आत ड्रायव्हरकाका घोरतात की नाही बघ."

ड्रायव्हरकाका म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. आत्याच्याच घोषणेवर त्यांनी जन्मभर गाडी हाकली. आता ते चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतात आणि घोरतात, अगदी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकलेल्या गाडीसारखे.

"लावली," आत्या म्हणाली. "मी हरले, तर तू महिनाभर माझ्या तोंडावर माझी नक्कल कर. मी हूं की चूं करणार नाही. तू हरलास, तर त्याच्या पुढच्या रविवारी तू वाचायचंस. स्वतःच्या आवाजात."

रविवार उजाडला. आत्या वर जाऊन उभी राहिली. तिने बोटं पानावर दाबून धरली. मग वाचायला लागली. एकेक नाव सुटं, स्वच्छ, जणू प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करून, दार उघडून, उतरणाऱ्याला हात देऊन मगच पुढे. पहिल्या बाकावरच्या बाईने जांभई दाबली. पाळकसाहेबांनी ती पाहिली, आणि आत्याने पाळकसाहेबांना पाहताना पाहिलं.

आणि मागून आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र...

पोपटाने कॉलर ताठ केली. पण आत्याच्या कानांना त्या आवाजाचा आयुष्यभर एकच अर्थ ठाऊक होता. डोळे पानावर असतानाच तिच्या तोंडून आपोआप निघालं:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

ड्रायव्हरकाका ताडकन उभे! एक हात खिशात, किल्ली चाचपतोय. "आलो बाई, आलो!" म्हणत ते थेट मधल्या वाटेत.

सगळं चर्च फुटलं. जांभईवाल्या बाईच्या डोळ्यांत पाणी, ऑर्गन वाजवणारीचं डोकं पट्ट्यांवर आणि पट्ट्यांतून एक भलताच सूर. पाळकसाहेब पोट धरून म्हणाले, "राहू द्या ताई, म्हणजे चालतंय, घ्या पुढे!"

एकटी आत्या हसली नाही. जिने आजवर शिंकसुद्धा आत येऊ दिली नव्हती, तिच्याकडून अख्खा फलाट आत आला होता.

"नाही चालत, पाळकसाहेब. शास्त्रात फलाट नाही." तिने चष्मा नीट केला. "मंडळी, माझं बोलणं त्याच्या बोलण्यात मिसळलं. माफ करा. पहिल्यापासून घेते."

आणि खरंच तिने पहिल्या नावापासून सुरुवात केली.

आता पेंगतंय कोण? सुरुवातीला सगळे कान टवकारून होते, पुढचा फलाट कधी लागतो म्हणून. फलाट काही लागला नाही. पण नावं लागत गेली, एकामागून एक, आणि कुठेतरी मधेच लोक फलाटाची वाट बघायचं विसरून नावंच ऐकायला लागले. ज्यांच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही, त्यांचीसुद्धा, झाड आणि बाकवाली. ड्रायव्हरकाका लाजून जागेवर परत गेलेच नव्हते. मधल्या वाटेत उभे राहून, बाकाच्या कडेवर गिअरसारखा हात ठेवून, प्रत्येक नावाला ते हळूच "हां" म्हणत होते.

शेवटचं नाव आलं. ज्याच्यासाठी ही सगळी गाडी निघाली होती, त्या ख्रिस्ताचं. आणि आत्याचा तो टेपसारखा आवाज, जो कधी वर चढला नव्हता, तो चढला.

"पोचली!" ड्रायव्हरकाका मोठ्यांदा म्हणाले. सगळ्या चर्चने "आमेन!" म्हणून त्यांना साथ दिली.

बाहेर अंगणात पाळकसाहेब आत्याला म्हणाले, "ताई, इथून पुढे सगळं." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं वाक्य एवढ्यात संपलं. आत्याने मान हलवली आणि मग कुठे ती हसायला लागली. फलाट क्रमांक चार म्हणे, आणि पुन्हा हसू. शेवटी तिला पायरीवर बसावं लागलं.

पोपट संधी साधून पुढे झाला. "आत्या, हरलीस! काका घोरले."

"कुठल्या वाचनात?"

"पहिल्या."

"ते बाद. त्यात फलाट होता. ते शास्त्राचं वाचन झालंच नाही. दुसऱ्यात घोरले?"

पोपटाने न्यायासाठी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे कसं आहे, ताईंचं बरोबर आहे."

तर पोपट पैज असा हरला, आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या आवाजात वाचायचं त्याच्यावर आलं. घरी येऊन पोपटाने बाबांना विचारलं, "बाबा, माझा स्वतःचा आवाज कसा आहे हो?"

"आम्हाला काय माहीत?" बाबा म्हणाले. "आम्ही कुठे ऐकलाय?"