व्याजआत्या

माझी नणंद विमा कंपनीत कारकून. नवऱ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणते; माझी लेक म्हणते व्याजआत्या. मी लग्न करून या घरात आले तेव्हा ताई विमा-हिशेबाच्या परीक्षेतला चक्रवाढ व्याजाचा पेपर देत होती. आता लेक शाळेत सरळव्याज शिकतेय आणि ताई अजून त्याच पेपरला बसतेय! बाकीचे पेपर सुटले, हा एकच हात धुऊन मागे लागलाय.

पहाटे उठायची, ओट्याशेजारी पुस्तक उघडायची. मी कणीक मळायचे आणि ती पुटपुटायची, आज हातात आलेल्या पैशाची किंमत उद्याच्यापेक्षा जास्त. मी म्हणायचे, "ताई, हे आमच्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे." ती हसायची, पण डोळे मिटलेलेच. मग दिवसभर दाव्यांच्या खिडकीवर लोकांची बोलणी खायची. संध्याकाळी पायातल्या चपलाही न काढता खुर्चीत बसून राहायची. "आजचा थकवा आज फिटला नाही की उद्या त्याच्यावर व्याज चढतं गं," म्हणायची.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, तिचं हे शिकणं कधी पटलं नाही. छापखान्यात जन्म गेलेला माणूस, जिभेला हाड नाही. "शिकून शिकून व्याजच ना? सावकार लोक शाळेतही गेले नव्हते," असं जेवताना ऐकवायचे. मला असा राग यायचा! ताई मात्र घास गिळायची आणि ताट घेऊन उठायची.

यंदा साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: हा पेपर निघाला तर हिशेब विभागात जागा, नाही तर फी बंद, रजा बंद आणि निवृत्तीपर्यंत तीच खिडकी.

परीक्षेच्या सकाळी ताई दारात उभी, पिशवी खांद्याला. तेवढ्यात बाबा आतून कागद घेऊन आले. छापखाना बंद होत होता. पैसे एकरकमी घ्यायचे की दरमहा पेन्शन, हे त्याच दिवशी कळवायचं होतं. आणि बाबांनी, ज्यांनी आजवर बँकेतल्या शिपायापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना विचारलं, पण हिला कधी नाही, त्यांनी विचारलं, "तुला कळतं ना यातलं? सांग बघू."

मी म्हटलं, "बाबा, आत्ता? तिची परीक्षा आहे!"

पण ताई खाली बसली होती. परीक्षेत चालणारं ते एकच कॅल्क्युलेटर तिने काढलं आणि भराभर कळा दाबल्या. बाबा म्हणाले, "पण पेन्शन एक तारखेला येणार, महिनाअखेरीला नाही." मुद्दा बरोबर होता. हप्ता आधी मिळतो की नंतर, यावर किंमत बदलते आणि त्यासाठी त्या यंत्रात वेगळी कळ असते. ताईने ती फिरवून पुन्हा हिशेब केला. "दरमहा घ्या बाबा. तब्येत सांभाळलीत तर फायदा तुमचाच."

बाबांनी लगेच सही केली. एक शंका नाही, एक टोमणा नाही. ताई उन्हातून अशी पळत गेली की मला तिच्यात कॉलेजातली मुलगी दिसली.

कळ परत फिरवायची राहिली.

एरवी हिशेब संपला की आधी ती कळ जागेवर, ही तिची सवय. पेपरातले हप्ते मात्र सगळे वर्षाअखेरचे. शेवटच्या गणितात उत्तर जरा जास्त वाटलं, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली, हप्ता आधीचा धरलाय असं सांगणारी बारीक अक्षरं तिला दिसली. मागची सगळी उत्तरं एकेका वर्षाच्या व्याजाने फुगलेली. दोन दुरुस्त केली आणि घंटा झाली.

निकाल लागला. पेपर थोडक्या गुणांनी गेला. ताईने कळ राहिल्याचं फक्त मला सांगितलं, कपडे वाळत घालताना. मी तणतणत आत निघाले होते, बाबांना चांगलं सुनवायला. तिने माझं मनगट धरलं.

"नको गं. पहिल्यांदा विचारलंय त्यांनी मला. हे कळलं तर परत कधी नाही विचारणार."

रडू आलं मला, तिला नाही. ती दुसऱ्या दिवशी खिडकीवर गेली.

पुढच्या महिन्यात एक तारखेला पेन्शन आली. बाबा बँकेतून आले ते थेट ताईसमोर, हातात पाकीट.

"तू घ्या म्हणालीस ती पेन्शन आली," म्हणाले. "साहेब फी देत नाही म्हणे? ही घे, भर."

"बाबा, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे."

"असू दे. आधी भर. मला आता बरीच वर्षं जगायचंय, तूच सांगितलंस."

मी ओट्याकडे तोंड फिरवलं. बाबा आत गेल्यावर ताई हलकेच म्हणाली, "दमले गं मी. खरंच दमले." पाकीट तिने पिशवीत ठेवलं. मग कॅल्क्युलेटर काढलं, आधी पडद्याचा कोपरा पाहिला आणि पुस्तक उघडलं.