पाण्याच्या वाटणीची रेघ

माझे पती कायदा शिकवायचे. समुद्र आमच्या शहरापासून एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब, आणि ह्यांचा विषय मात्र बेटांचा. किनाऱ्यालगतची बेटं कोणाची, इंग्रज मागे ठेवून गेले त्या नकाशांवरून ते कसं ठरवायचं, तिथल्या गुन्ह्याचा खटला कोणत्या कोर्टात चालायचा. विद्यार्थी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी आले की हे माझी कणकेची परात मागून घेत. तीत दगड मांडत, पाणी ओतत आणि विचारत, "भरतीला बुडतो त्या दगडाला बेट म्हणायचं का?" त्या दिवशीच्या पोळीत कधीकधी वाळू लागायची.

हा वर्ग भरायचा तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या सुट्या खोलीत. ह्यांची पुस्तकं, लाकडी खुर्ची आणि गल्लीकडे उघडणारी एक खिडकी, एवढीच ती खोली. हे गेल्या हिवाळ्यात गेले. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा मी सकाळी तिथं जाऊन बसू लागले. वाचायला म्हणून पुस्तक उघडायचं आणि त्याच पानावर राहायचं, असे ते दिवस होते.

त्याच सुमारास लासूर स्टेशनची एक मुलगी आली. ह्यांची विद्यार्थिनी. कॉलेजात खोटा खटला लढवायची स्पर्धा होती आणि त्यातला प्रश्न ह्यांनीच आजारी पडण्याआधी काढून दिला होता. दोन शेजारी देश, मध्ये अरुंद समुद्र. कधीकाळी दोन्ही किनाऱ्यांवर इंग्रजांचंच राज्य. कोळ्यांची भांडणं मिटावीत म्हणून एका अधिकाऱ्यानं समुद्रावर रेघ ओढलेली. इंग्रज गेल्यावर रेघेच्या पलीकडल्या एका बेटावर दोघांनी हक्क सांगितला. रेघेच्या अलीकडचा देश मुलीच्या वाट्याला आला होता.

"काकू, माझी बाजू हरल्यातच जमा हाय," ती म्हणाली. "बेट रेघेच्या पल्याड. संपलं की! आमच्याकडं बांधापल्याडची बोरं तोडली तरी कुऱ्हाडी निघत्यात."

मला हसू आलं. ह्यांच्याकडे येणारी शेतकऱ्यांची मुलं दरवर्षी हेच म्हणत. रेघ दिसली की त्यांना बांध दिसायचा. त्यावर हे काय म्हणत ते मला पाठ होतं. मी म्हणाले, "रेघ ओढणारा माणूस काय वाटत होता ते आधी विचार. तो मासळी वाटत असेल तर त्या रेघेनं मासळीच वाटली जाते. जमीन नाही."

"मग बेट कोणाचं?"

"तिथं कोण काय करत होतं, आणि दुसरा ते बघून गप्प का बसला, त्यावरून."

मुलीनं ते वहीत उतरवलं आणि चहा पिऊन ती स्टेशनला गेली.

पुढच्या रविवारी धाकटे दीर एका गवंड्याला घेऊन अंगणात उभे राहिले. घराचे दोन भाग सासऱ्यांनीच करून दिले होते, एक आमचा, एक त्यांचा. अंगण सामाईक. त्यात मधोमध विटांची एक ओळ जमिनीत पुरलेली आहे आणि कोपऱ्यातली खोली त्या ओळीच्या पलीकडे, दिरांच्या अंगाला येते.

"वहिनी, ह्या ओळीवर भिंत घेतो," ते म्हणाले. "दादा होता तोवर विषयच काढला नाही मी. पण पोराला दुकान टाकायचंय. खोलीला गल्लीकडून शटर बसेल. पुस्तकं सावकाश हलवा, घाई नाही."

गवंड्यानं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं होतं. धरायला कोणी नव्हतं म्हणून. मी ती दोरी धरून म्हणाले, "भाऊजी, ही ओळ मामंजींनी कशासाठी घातली होती?"

"कशासाठी म्हणजे? वाटणीसाठी."

"कशाच्या?"

त्यांनाही आठवत होतंच. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी दोन्ही घरांचे ड्रम, बादल्या आणि पाइप अंगणात एकमेकांत अडकत आणि आम्ही दोघी सुना भांडत असू. म्हणून सासऱ्यांनी विटा पुरल्या. इकडचे ड्रम इकडे, तिकडचे तिकडे.

"पाण्याची रेघ आहे ती," मी म्हणाले. "खोली वाटलीच नव्हती."

"झालं! दादा गेला आणि वकील घरातच ठेवून गेला," दीर गवंड्याला म्हणाले.

तेवढ्यात जाऊ हात पुसत बाहेर आली. "ताई, विटांचं राहू द्या. खोलीच्या छतावर दर उन्हाळ्यात कुरडया कोण घालतं? पावसाआधी डांबर कोण ओततं? छत गळलं असतं तर तुमची पुस्तकं राहिली असती का? तेव्हा कोणी म्हणालं का, आमच्या छतावर चढू नको?"

कोणी म्हणालं नव्हतं. ह्यांना डांबराचा वास आला की हे खिडकी लावून घेत आणि वाचत राहत. जावेनं विचारलेला प्रश्न नेमका तोच होता जो मी त्या मुलीला शिकवला होता, आणि ह्यांनी जावेला त्याबद्दल पुरे गुण दिले असते. मी दोरी सोडून दिली.

मग आम्ही पायरीवर बसलो. मी म्हणाले, अशा एका बेटाचा निकाल हे नेहमी सांगत. बेट एका देशाला दिलं, पण दुसऱ्याच्या कोळ्यांना तिथं जाळी वाळवायचा हक्क ठेवला.

"म्हणजे कुरडया," जाऊ म्हणाली.

"आणि पापड. छत तुझं. खोली माझी, मी आहे तोवर. नंतर शटर बसवा."

दीर नखानं विटेवरचं शेवाळ खरवडत होते. ते गवंड्याला म्हणाले, "चहा घे आणि जा बाबा. छताचा जिना ओळीच्या त्या बाजूनं, वहिनींच्या अंगाला आहे. भिंत घातली तर हिला कुरडया घालायला गल्लीतून फिरून जावं लागेल."

मुलगी स्पर्धेत हरली. मी तिला सांगितलेल्या आमच्या विटांचा तिनं दाखला दिला होता, तेव्हा परीक्षकांनी विचारलं, हा निवाडा कोणत्या कोर्टाचा? "उस्मानपुऱ्याचा," असं सांगून आले, म्हणाली.

आता उन्हाळा आहे. मी खोलीत वाचत बसते आणि डोक्यावर जाऊ चालत असते. काल तिनं वरून हाक मारली, "ताई, कावळे हाकलायला या." मी पानात खूण घातली आणि वर गेले.