चार माणसांसमोर

१४ डिसेंबर १९४६. नवे तांदूळ पाखडायला घेतले आहेत. हे काम हातांचं असतं, डोकं मोकळंच राहतं, आणि मोकळ्या डोक्यात दरवर्षी याच दिवसांत एक गोष्ट येते. ती मी नवऱ्यालाही सांगितली नाही. आज सूप बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

आधी माझा धंदा सांगते. मी विम्याचं काम करते. एजन्सी नवऱ्याच्या नावाची. लकव्याने ते अंथरुणाला खिळले, तेव्हापासून गोंदियातल्या घरून निघून गोरेगाव ते कुडवा मी फिरते. पहिल्या हप्त्यातला काही भाग आमचा, त्यावर घर चालतं. बाईमाणसाने दारोदार हिंडावं का, असं पुष्कळांनी विचारलं. त्यांच्यापैकी कोणी आमच्या घरी धान्य आणून टाकलं नाही, म्हणून मी हिंडत राहिले.

मी चांगली विकते. पुरुष ओसरीवर हो-नाही करत बसतात, मी सरळ आत चुलीपाशी जाते. बायकांना कळतं. पण गावोगावी दोन गोष्टी पक्क्या होत्या — विमा काढला की माणूस मरतो, आणि मेला की कंपनी काही देत नाही. मी पारावरून गेले की म्हातारे एकमेकांना म्हणायचे, "विमावाली आली रे, आता कोनाचा नंबर हाय?" आणि हसायचे. मीही हसायची. काय करणार?

गोरेगावच्या भागरताचा नवरा गाडीवान होता. नागझिऱ्याकडच्या जंगलातून बांबू आणायचा. त्याची पॉलिसी मीच काढली — म्हणजे भागरताला पटवून काढली. वारस म्हणून नावही तिचंच लावलं. दीड वर्षात तो जंगलातला ताप घेऊन आला आणि गेला. मी कागद पाठवले, पाठपुरावा केला, पैसे मंजूर करून आणले. इथपर्यंत माझी काही चूक नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे.

कागदांवर अंगठा घ्यायला गेले होते, तेव्हा भागरता मला गोठ्यामागे घेऊन गेली. धाकटा दीर गणपत घरात होता. ती हळू बोलली, "बाई, पैसे आले का मलेच सांगजा. घरी कोनाले नोका सांगू. पोरीले डाक्टरले दाखवाचं हाय म्हनून मी गोंदियाले येतो." आमगावाकडे तिचं माहेर. भावाच्या शेताला लागून एक बांधी, धानाच्या शेताचा तुकडा, विकायला होती. ती स्वतःच्या नावावर घ्यायची, पोरीला घेऊन तिथे राहायचं, धान लावायचं. सगळं ठरवलं होतं तिने. मी हो म्हटलं.

मग चेक आला. आणि माझ्या मनात काय आलं? भागरता नाही आली. गोरेगावचा आठवडी बाजार आला. विम्याचे पैसे खरोखर मिळतात, हे लोकांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर मला वर्षभर बोलावं लागणार नाही — हे आलं.

मी तिच्याकडे गेले आणि सांगितलं, "कंपनीचा नियम आहे. चेक चार माणसांसमोरच द्यावा लागतो."

असा नियम नव्हता. कुठेच नव्हता. वरच्या साहेबांनीही मला तसं सांगितलं नव्हतं. तो मी तिच्या गोठ्यामागे उभ्या उभ्या तयार केला.

ती म्हणाली, "नियम हाय तर काय करता."

कोतवालाकडून दवंडी दिली. बाजारात माणूस माणसाला लागला होता. भागरता डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून आली. मी चेक उंच धरून दाखवला, रक्कम मोठ्याने वाचली, मग तिच्या हातात दिला. गणपत गर्दीतून पुढे आला. "वहिनी, द्या इकडे. बाजारात चोर लय रायतेत." तिने दिला. लोक म्हणाले, दीर असावा तर असा. मला ते ऐकू आलं. मी तेव्हा विम्यासाठी माझ्याभोवती जमलेल्यांची नावं लिहून घेत होते. पारावरचा एक म्हाताराही त्यांच्यात होता.

आमगावची बांधी दुसऱ्या कोणीतरी घेतली. गणपतने घराला लागून धानाची जमीन घेतली, स्वतःच्या नावावर. भागरता तिथेच रोवणी करते, कापणी करते, त्याच्या घरची भांडी घासते. पोरगी अजून लहानच होती, तोच ती एका बिजवराला देऊन टाकली.

गेल्या महिन्यात भागरता बाजारात भेटली. रागावली नव्हती — रागावली असती तर बरं झालं असतं का? माहीत नाही. शेजारची एक बाई नुकतीच विधवा झाली, तिच्यासाठी विचारत होती. "बाई, तो चार मान्साचा नियम अजून हाय का?"

मी म्हटलं, "नाही. बदलला."

"बरं झालं," ती म्हणाली. "आमच्या टायमाले होता."

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण चेक दिला त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ राहिली आहे, आणि लिहायला बसले ती त्या सकाळसाठीच.

त्या सकाळी गणपत भागरताला घेऊन गोंदियाला माझ्या दारात आला. सोबत माझ्यासाठी नव्या तांदळाची गोणी. बँकेत अंगठा ओळखायला ओळखीचं माणूस लागतं, म्हणून मला न्यायला आला होता. मी चप्पल घालून निघाले. भागरताने अंगठा दिला, मी खाली सही केली. खिडकीतल्या कारकुनाने गणपतकडे पाहिलं, मग भागरताकडे, आणि विचारलं, "बाई, पैसा आपके हाथ में दूँ ना?"

भला माणूस होता. त्याने नेमकं तेच विचारलं.

भागरताने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण गणपतचे दोन चुलतभाऊ आदल्या दिवशी मला नावं देऊन गेले होते, आणि त्यांचा पहिला हप्ता अजून यायचा होता.

मी म्हटलं, "दिराकडे द्या. घरचेच आहेत."

तिथून घरी आले. गोणी सोडली, मापटंभर तांदूळ धुतले, भात टाकला. नवा तांदूळ असूनही मोकळा झाला होता. नवऱ्याला भरवला, मग मी जेवले.