काही हरकत नाही

हातातली तेलकट चिंधी खांद्यावर टाकायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "काही हरकत नाही." समोरच्याने काय सांगितलं याच्याशी त्याचा फारसा संबंध नसे. लाइट गेली, काही हरकत नाही. गिऱ्हाईक उद्या येतो म्हणालं आणि महिनाभर फिरकलं नाही, काही हरकत नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, आणि माझ्यासारखाच तुम्हीही त्याचा फायदा घेतला असेल.

भांडुपला आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे गाळ्यांची रांग होती. शेवटच्या भाड्याच्या गाळ्यात या 'काही हरकत नाही'वाल्यांचं लोखंड कातायचं लेथ मशीन. त्यांचे वडील गिरणीत होते, गाव मालवणकडे. लोखंडाचा तुकडा हातात धरला की तो सुताने जाड आहे की बारीक, हे मोजण्याआधी सांगायचे. आम्ही सगळे त्यांना लेथवाले काका म्हणायचो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मशीनच्या आवाजाने दुपारची झोप होत नाही, अशी त्यांच्याविरुद्धची तक्रार मीच लिहिली होती. पुढच्याच आठवड्यात आमच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट मोडला आणि तो घेऊन मीच त्यांच्या दारात उभा राहिलो.

"तक्रार तुम्हीच लिहिली ना?" शाफ्ट उलटसुलट करत त्यांनी विचारलं.

"सभेत ठरलं होतं," मी म्हणालो.

"काही हरकत नाही. अक्षर बरां आसा तुमचां." संध्याकाळी नळाला पाणी आलं.

मग शहर आपले नियम सुधारायला निघालं. कारखान्यांसाठी राखलेल्या जमिनीवर यापुढे घरं, ऑफिसं, मॉल, काहीही चालेल, असा मसुदा जाहीर झाला. नकाशात आमची गल्ली जांभळी, म्हणजे कारखान्यांची होती, ती पिवळी, म्हणजे घरांची करायची. ज्यांनी ती रंगवली त्यांच्यापैकी एकाने तरी या गल्लीत चहा प्यायला असेल, असं मला वाटत नाही. इतके दिवस गाळ्यांच्या मालकाला ती जमीन दुसऱ्या कशाला देताच येत नव्हती, म्हणून काकांचं मशीन टिकलं होतं. आता मालकाला बिल्डरचे फोन सुरू झाले. आमच्या सोसायटीत तर आनंदीआनंद. कुणी म्हणालं, एरिया सुधारेल. कुणी म्हणालं, क्राउड बदलेल. पंपाचं नाव कुणी काढलं नाही.

मसुद्याखाली एक उदार ओळ होती: कुणाची हरकत असल्यास महिन्याभरात लेखी कळवावी. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाची हरकत होती. ते माझ्याकडे आले.

"सेक्रेटरी, तुमच्या त्या अक्षरात लिहा. गाळो गेलो तर मी खंय जातलंय?"

मी दोन पानं लिहिली. त्यांनी साबणाने हात धुतले आणि मग सही केली.

सुनावणीला मी सोबत गेलो. वेळ अकराची, बोलावलं तीन वाजून गेल्यावर. काका इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर ताठ बसले होते, आत काय बोलायचं ते पुटपुटत. आत टेबलामागे साहेब आणि शेजारी मान खाली घालून लिहिणारा कारकून. साहेब भला माणूस, म्हणजे भल्या माणसासारखं बोलायला शिकलेला.

"काका, तुम्हाला फार वेळ थांबवलं," साहेब म्हणाले.

"काही हरकत नाही, साहेब."

कारकुनाने लिहिलं.

"मग झालं तर. पुढचे."

मी मध्ये बोलायला गेलो, तर साहेबांनी मला विचारलं, "अर्जदार तुम्ही आहात का?" शिपायाने दार उघडून धरलंच होतं. काका बाहेर येऊन मलाच समजावू लागले, "असू दे ओ. अर्जात सगळां आसा ना?"

अहवाल छापून आला. काकांच्या नावापुढे लिहिलं होतं: 'अर्जदाराने हरकत नसल्याचे समक्ष सांगितले.' कारकुनाचा ऐकण्यात घोटाळा झाला, असं मला कुणी सांगू नये. मराठी माणूस होता तो. बसमध्ये कुणाचा पाय पडला तर तोही हेच म्हणत असणार. त्याला अर्थ पक्का माहीत होता, आणि कुठला अर्थ सोयीचा आहे हेही. मी चिडून दुसरा अर्ज पाठवला. त्याला उत्तर देण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

मशीन टेम्पोत चढलं त्या दिवशी मी भिंतीपाशी उभा होतो. ड्रायव्हरशेजारी बसताना तेच म्हणाले, "आवाजाचो त्रास झालो तुमकां." मला इतकी लाज वाटली की फळकं नीट लागलंय का ते बघायला मी टेम्पोच्या मागे गेलो.

आता तिथे इंग्रजी नावाचा टॉवर आहे. त्याच्या बांधकामाचा धडधडाट आम्ही तीन वर्षं ऐकला आणि एकानेही तक्रार केली नाही. गेल्या महिन्यात पंपाचा शाफ्ट पुन्हा मोडला. मेकॅनिक म्हणाला, हा शाफ्ट तयार मिळत नाही, घडवून घ्यावा लागेल. घडवून देणारा शोधत मी गोवंडीपर्यंत फिरलो. शेवटी काकांच्या गावचा नंबर लावला. त्यांच्या मुलीने फोन उचलला.

"बाबा गेले, तीन महिने झाले," ती म्हणाली. "तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं, सेक्रेटरीकाका. माफ करा."

"काही हरकत नाही," मी म्हणालो.

तिने ते कुठे लिहून घेतलं नसेल, एवढंच.