गनीभाईंची घंटी

पाथर्डीत लग्न असो, उरूस असो की पुढाऱ्याची सभा, कर्णा वाजायचा तो गनीभाईंचा. "आवाज लोकांचा, कर्णा माझा, आन् मधीच खरखरलं की शिव्या बी माझ्याच," असं ते स्वतःच सांगत. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण तारा, चुंबक आणि सेल यांच्याशी खेळता खेळता आपण अर्धे इंजिनेर झालो आहोत, असा त्यांचा पक्का समज होता. उरलेल्या अर्ध्याचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणत, "तो देवानं दुसऱ्या कुनाला तरी दिला. म्हनून तर माझा कर्णा शिट्ट्या मारतो."

गोष्ट सत्तर-एकाहत्तर सालातली. दिवाळी उरकली की तालुक्यातली निम्मी घरं ऊसतोडीला निघत. गनीभाईंच्या गल्लीतून बन्सी आणि त्याची बायको बैलगाडीत संसार टाकून निघाली. मागे राहिली बन्सीची आई छबूबाई, सगळ्या गल्लीची छबूमावशी. दमा जुना, त्यात गुडघे गेलेले. निघताना बन्सीनं गनीभाईंचे दोन्ही हात धरले.

"आईकडं ध्यान असू द्या, गनीभाई. तुमच्या भरवशावर चाललोय."

गनीभाईंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. शब्द द्यायला त्यांना मनापासून आवडायचं.

गल्लीची एक रीत होती. तोडीच्या टोळ्या गेल्या की, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारावरून पाण्याला जाणारी बाई हाक मारायची, "मावशे, हायेस का?" आतून उत्तर यायचं, "हाय, हाय! मेले न्हाई अजून!" उत्तर आलं की बाई पुढं. नाही आलं की घागर खाली आणि बाई आत. शेजारच्या बनुबाईची हाक तर अशी खणखणीत, की म्हातारीच काय, गल्लीतली झोपलेली पोरंही उठून बसत.

गनीभाईंना ही रीत अगदीच गावंढळ वाटायची. जग कुठं चाललंय आणि आपण अजून दारात उभं राहून बोंबलतोय! सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई गल्लीच्या तोंडाशीच राहत. गनीभाईंनी सेलवर वाजणारी घंटी त्यांच्या ओसरीवर लावली, मांडवातली जुनी तार निंबाच्या झाडावरून छबूमावशीच्या घरात ओढली, आणि खाटेच्या उशाशी बटण बसवलं. दमा उसळला की म्हातारीनं बटण दाबायचं, नर्सबाईंनी धावत यायचं. सोय खरोखरच चांगली होती. नर्सबाईही खूश झाल्या. पण एवढ्यावर थांबले तर ते गनीभाई कसले! त्यांनी नारळ फोडला, बटणाला हार घातला आणि स्वतःच्याच कर्ण्यावरून भाषण ठोकलं, "आजपासून मावशी नुसतं बोट लावंल, आन् सरकार पळत यील!" कर्णा नेमका 'सरकार'वर शिट्टी मारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईनं सवयीनं हाक दिली, तर गनीभाई दातण तोंडात धरूनच बाहेर आले.

"बनुबाई, आता कशाला बोंबलता? यवढी तार काय कपडे वाळत घालायला बांधली? मावशीला काय झालं तर ती दाबंल की!"

बनुबाई ओशाळली. तिचं पाहून बाकीच्याही गप्प झाल्या, आणि पंधरवड्यात सगळ्या हाका बंद पडल्या. छबूमावशी एकदा म्हणाली, "गन्या, लई सुनं सुनं वाटतंय रं." गनीभाईंना ती सुधारणेची पावती वाटली. म्हणाले, "मग झोप की निवांत!"

पौषात जिल्ह्याहून आरोग्य खात्याचे एक साहेब दवाखाना बघायला आले. गनीभाईंनी त्यांना जवळजवळ ओढतच नर्सबाईंच्या ओसरीवर आणलं. डॉक्टर आले, अर्धी गल्ली गोळा झाली. सगळे घंटीकडं डोळे लावून उभे. गनीभाई मावशीच्या दाराजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "मावशे, दाब बटन!"

घंटी वाजली नाही. आतून उत्तरही आलं नाही. पण गनीभाईंचे कान घंटीकडं होते.

"जरा थांबा, साहेब. सेल उतरला असंल." त्यांनी ओसरीवर परत येऊन सेल काढला, तारेची टोकं जिभेला लावली. जीभ चांगली चुरचुरली, म्हणजे सेल ठीक. घंटी उघडली, फुंकर मारली, बंद केली. बटण दाबायला परत आवाज दिला. परत तेच. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. गनीभाईंना घाम फुटला. निंबावरचा तारेचा सांधाच सुटला असणार! मग पन्नाशीचा, पोट सुटलेला हा अर्धा इंजिनेर पायजमा खोचून झाडावर चढला. खाली लोक हसत होते. गनीभाईंनाही हसू येत होतं.

सांधा जिथल्या तिथं होता. सांध्यावरून नजर खाली गेली ती छबूमावशीच्या परसात. तिथं चुलीजवळ म्हातारी पालथी पडली होती. एक हात दाराच्या दिशेनं लांब केलेला.

गनीभाई उतरले की पडले, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. पायजमा फाटला एवढं खरं. नर्सबाई आणि डॉक्टर पळत आत गेले. म्हातारीचा श्वास चालू होता, छाती भात्यासारखी वाजत होती. सकाळी चूल पेटवायला उठली, धाप लागली आणि तिथंच कोसळली. बटण राहिलं खाटेच्या उशाशी.

बनुबाईनं कपाळावर हात मारला. "सकाळी दारावरनं गेले मी! तोंड उघडलं व्हतं हाक माराया. तुमी म्हनला घंटी हाय, म्हनून परत मिटलं."

गनीभाईंना धरणीनं पोटात घ्यावंसं वाटलं. बन्सीला आता काय सांगायचं? की तुझी आई पडली होती, आणि मी वायर चाटत होतो? ते परसात भिंतीला टेकून बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

इंजेक्शनानं म्हातारी संध्याकाळपर्यंत सावरली. घंटी कुणी काढली नाही. रात्रीबेरात्री ती कामाचीच होती. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच गनीभाई छबूमावशीच्या दारात येऊन उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज गावभर पोचवलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज काही फुटेना. बनुबाई घागर घेऊन मागं येऊन थांबली. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"मावशे, हायेस का?"

आत खाट करकरली. मग खोकला. मग उत्तर आलं.

"आधी झाडावर चढून बघ की, गन्या!"